अडखळणारं भिरभिरं

माझ्या एका खोट्या वाक्यामुळे एक चांगला माणूस वर्षानुवर्षं व्हिडिओ कॅसेटी गच्चीवर वाळत घालत राहिला. गल्ली त्यांना हसली, आणि हसणाऱ्यांत मीही उभा राहिलो. ते वाक्य असं होतं : ‘‘अण्णा, त्या कॅसेटला बुरशी लागली होती, म्हणून टाकून दिली.’’ बुरशी लागली नव्हती. कॅसेट मी पुसली होती. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला हसू आलंच, तर कोणाला हसायचं ते ठाऊक असेल.

अण्णांची टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी कंपनी पंचवटीतल्या एका अरुंद गल्लीत, त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर आहे. नाव ‘भिरभिरं’. अण्णा मूळचे नामपूरचे. घरचा कांद्याचा व्यवहार भावांवर सोडून ते कॅमेरा घेऊन नाशकात आले. आधी लग्नं शूट केली, गावात केबल आल्यावर केबलवाल्याला शेतीचे, भजनाचे कार्यक्रम करून दिले, आणि पुढे मुंबईच्या वाहिन्यांसाठी मालिकाही केल्या. कार्यक्रमांत त्यांचा जीव होताच. पण त्यातला अर्धा जीव कार्यक्रमाच्या आधीच्या त्या काही सेकंदांत गुंतलेला असायचा, जेव्हा कंपनीचं चिन्ह पडद्यावर हलतं, फिरतं आणि नाव उमटतं. म्हणजे लोगोत.

‘‘लोगो म्हणजे चपला काढायची जागा,’’ ते म्हणत. ‘‘माणूस रस्त्यावरून येतो. डोक्यात उधारी, बायकोशी झालेलं भांडण, सगळं असतं. त्याला एकदम घरात कसं घ्यायचं? दारात थांबव. चपला काढू दे.’’

लोगो चालू असताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. स्टुडिओत तर नाहीच, पण दुसऱ्याच्या घरीही नाही. आपला कार्यक्रम लागायच्या वेळेला ते हमखास कोणाच्या तरी घरी जाऊन बसत आणि टीव्हीकडे पाठ करून माणसांची तोंडं बघत. लोगो संपला की उठत.

‘‘अण्णा, कार्यक्रम तर आत्ता सुरू झाला!’’ घरमालक म्हणे.

‘‘तो मी पाहिलाय,’’ असं म्हणून अण्णा चहा अर्धा टाकून निघत.

मी पुण्याहून एडिटिंगचा कोर्स करून त्यांच्याकडे लागलो तेव्हा कंपनीचा पहिला लोगो चालू होता. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं भिरभिरं, मागे काळं कापड, आणि भिरभिऱ्याची काडी एका बटाट्यात खोचलेली. बटाटा फ्रेमच्या खाली लपलेला. टेबलफॅन लावला तर भिरभिरं इतकं जोरात फिरे की पांढरी थाळीच दिसे. म्हणून अण्णांनी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कॅमेऱ्याच्या बाजूला बसवलं आणि फुंकर मारायला सांगितली. काकूंचा श्वास मध्येच संपला. भिरभिरं मंदावलं, थांबल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा श्वास घेऊन फुंकर मारली, ते परत पळालं आणि खाली नाव उमटलं. संगीत काही नव्हतं. फक्त ‘फूऽ’, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा ‘फूऽ’.

मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो, ‘‘अण्णा, मधला अडखळलेला तुकडा काढून टाकू का? जोड दिसणार नाही.’’

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातल्या कोणाचं बोट कापायची परवानगी मागतोय. ‘‘त्या अडखळण्यात तर माणूस आहे, राजा. बाकी सगळा कागद.’’

मला ते पटलं नाही. मी नुकताच शिकून आलो होतो, आणि नुकत्याच शिकलेल्या माणसाला चूक फार लवकर दिसते. तेव्हा स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला. मी अण्णांच्या मागे लागून दुसरा लोगो केला. अंतराळातून सोनेरी अक्षरं उडत येत, एकमेकांत फिरून त्यांचं भिरभिरं होई, आणि शेवटी एका कोपऱ्यातून लखकन तिरीप चमके. तेव्हा सगळ्यांच्याच लोगोत ती तिरीप असायची. ते चित्र कॉम्प्युटरमध्ये तयार व्हायला इतका वेळ लागे, की गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जाऊन, भेळ खाऊन, ओळखीच्या दोघांशी गप्पा मारून परत यावं, तरी पडद्यावरची पट्टी निम्म्यावरच.

लोगो तयार झाला तेव्हा तो उतरवून घ्यायला कोरी कॅसेट नव्हती. केबलवाल्याकडे गेलेल्या कॅसेटी परत आल्या की पुसून पुन्हा वापरायच्या, ही आमची रीतच होती. त्यामुळे जुन्या कार्यक्रमांबरोबर त्यांच्या डोक्यावरचे लोगोही पुसले गेले होते. पहिल्या लोगोची फक्त मूळ कॅसेट कपाटात शिल्लक होती. लेबलावर अण्णांच्या अक्षरात ‘भिरभिरं – पहिलं’ असं लिहिलेलं होतं.

मी ते लेबल वाचलं. गडबडीत वाचलं नाही, असं मी कित्येकदा स्वतःलाच सांगून पाहिलं. पण मी वाचलं, आणि मनात म्हणालो, आता याचं काय काम? मग मी बटाट्यातल्या भिरभिऱ्यावर माझं सोन्याचं भिरभिरं उतरवलं, आणि जुनं लेबल नखाने खरवडून काढलं.

थोड्याच दिवसांनी अण्णांनी जुनी कॅसेट मागितली. नव्या लोगोपाठोपाठ जुना दाखवून केबलवाल्याची गंमत करायची होती. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात शहरातल्या एका दुसऱ्या स्टुडिओच्या कॅसेटींवर पांढरी बुरशी आल्याचं ताजं ताजं ऐकलं होतं. तेच वाक्य तोंडातून बाहेर पडलं. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते कपाटाकडे गेले, कपाट पुढे सरकवलं आणि मागच्या भिंतीला तळहात लावला. भिंतीपलीकडे काकूंची मोरी होती.

‘‘गार आहे,’’ ते म्हणाले. ‘‘माझंच चुकलं. मोरीच्या भिंतीला कोणी कपाट लावतं?’’

तेव्हा थंडी सुरू झाली होती. नाशकातली कुठली भिंत थंडीत गार नसते? पण मी कपाट परत मागे ढकलायला त्यांना हात दिला.

तिथून पुढे अण्णांचं कॅसेटवेड सुरू झालं. सगळी गल्ली त्यांना ज्या गोष्टीसाठी ओळखते, ती ही. ऊन चांगलं पडलं की गच्चीवर चटई, चटईवर ओळीने कॅसेटी, आणि वरून काकूंची सुती साडी. उघड्या उन्हात टेप खराब होते, हे त्यांना मीच सांगितलं होतं. शेजारची बाई खालून ओरडे, ‘‘काकू, काय वाळत घातलंय हो? सांडगे का?’’

काकू वरून सांगत, ‘‘नाही गं, यांच्या मालिका!’’

बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात, त्या ते गोळा करत. बुटांच्या दुकानदारांना ते लांबून येताना दिसले, की दुकानदार पुड्या काढूनच ठेवत. एका लग्नात नवरदेवाचे बूट पळवायचा कार्यक्रम चालू असताना अण्णा मेव्हण्यांच्या घोळक्यात शिरून म्हणाले होते, ‘‘बूट तुम्ही घ्या, खोका मला द्या.’’

आणि कपाट हलवायला दुसरी भिंत नव्हती, म्हणून मोरीच त्यांनी बंद केली. प्लंबर बोलावून नळ कायमचा बुजवला. धुणं खाली अंगणात गेलं. काकू धुतलेल्या कपड्यांच्या जड बादल्या घेऊन जिना चढत, गच्चीवर जाऊन दोऱ्या गाठत. मी वरून खाली जाताना त्यांना वाट देत असे. कधी कधी बादली माझ्या हातात घेई. ‘‘गुणाचा आहे हो,’’ काकू अण्णांना सांगत. ‘‘हा एकटाच बघतो माझ्याकडे.’’ मग मला गरम पोळी वाढत. ती पोळी मी खात होतो. कशी खात होतो, ते आज नीट सांगता येत नाही.

पहिला लोगो गेल्यावर अण्णांनी मला समोर बसवलं होतं. ‘‘आता तो फक्त दोन डोक्यांत उरलाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या आणि माझ्या. तुझ्या सोन्यालाही अडखळव.’’

मला जे कापून टाकायचं होतं, तेच आता मला बनवावं लागलं. अंतराळातून दिमाखात आलेली सोनेरी अक्षरं मध्येच दमल्यासारखी मंदावत, थांबायच्या बेताला येत, आणि मग परत पळत. बघणाऱ्याला वाटे, टीव्हीच बिघडला. मुंबईच्या वाहिनीकडे पहिली मालिका गेली, तेव्हा तिथल्या तपासणीतून कॅसेट परत आली. पाठोपाठ फोन. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

‘‘सर, तुमच्या लोगोत फ्रेम अडकतीय.’’

‘‘अडकत नाही हो, ती श्वास घेते.’’

‘‘कोण श्वास घेते?’’

‘‘आमची मंडळी,’’ अण्णा म्हणाले.

‘‘सर, मी शेऱ्यात काय लिहू?’’

‘‘लिहा, मुद्दाम आहे.’’

पुढे वाहिनीत त्याचीच खूण झाली. ‘‘अडखळला का? मग नाशिकचा आहे, जाऊ दे पुढे,’’ असं तिथली माणसं म्हणत. हे त्यांच्यापैकीच एकाने मला सांगितलं. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी काकूंना हाक मारली, ‘‘अगं ऐकलंस का? तुझा दम मुंबईपर्यंत पोचला!’’

‘‘पोचला असेल,’’ काकू जिन्यावरून म्हणाल्या. ‘‘इथे मात्र लागलाय.’’

तिसरा लोगो झेंडूचा. तेव्हा सोनेरी अक्षरांची लाट ओसरली होती, सगळ्यांना पुन्हा हाताने केलेलं हवं होतं. झेंडूच्या पाकळ्या काळ्या पाटावर मांडायच्या, एक फोटो घ्यायचा, पाकळ्या जराशा सरकवायच्या, पुन्हा फोटो. फोटो एकापुढे एक लावले की भिरभिरं फिरतं. अण्णा स्वतः बाजारात फुलं आणायला गेले, मी बरोबर होतो. गावाकडून फुलं घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं, ‘‘अण्णा, देवाला का टीव्हीला?’’

‘‘टीव्हीला.’’

‘‘मंग कालची न्या की. टीव्हीला वास थोडाच हाय?’’

अण्णांनी ताजीच घेतली. पण काम आमच्या अंदाजापेक्षा फार लांबलं. दसऱ्याला सुरू केलं ते दिवाळी जवळ आली तरी चालूच. पाकळ्या मधल्या मधे सुकत गेल्या. मला ताज्या पाकळ्या आणून पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, अण्णा हलेनात. त्यामुळे त्या लोगोत भिरभिरं केशरी असताना फिरायला लागतं आणि थांबेपर्यंत तपकिरी होतं. अण्णा पडद्याला नाक लावून बघत राहिले. आनंद फारच झाला की त्यांच्या तोंडी नामपूरची अहिराणी येई. ‘‘हाई काय शे!’’ ते म्हणाले. ‘‘अरे, हे तर म्हातारं झालं!’’ अडखळण्याची जागा त्यातही होती. पाकळ्या तिथे नेमक्या अर्ध्या सुकलेल्या.

आता कंपनी त्यांची मुलगी गौरी चालवते. कार्यक्रम मोबाइलवर बघितले जातात. गौरीने लोगो छोटा करायला सांगितला, मी केला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर संपतो. तरी त्यातही, खरं सांगतो, मी एक बारीकसं अडखळणं ठेवलं आहे. एवढ्याशा लोगोवरही तो ओलांडून पुढे जायचं बटण येतं, हे कळलं तेव्हा अण्णांनी चष्मा काढून ठेवला.

‘‘म्हणजे चपला घालूनच स्वयंपाकघरात?’’

‘‘बाबा, हल्ली लोक घाईत असतात,’’ गौरी म्हणाली.

‘‘घाईतल्या माणसालाच तर चपला काढायला लावायच्या असतात.’’

परवा गौरीच्या डोक्यात एक कल्पना आली. जुन्या कंपन्यांचे लोगो ओळीने लावलेले व्हिडिओ लोक आवडीने बघतात, त्यांना आपलं लहानपण आठवतं. तसा ‘भिरभिरं’चा एक करायचा. पहिल्यापासून आजपर्यंत सगळे लोगो. पहिला तर उरलेलाच नाही, मग त्या जागी अण्णांनी कॅमेऱ्यासमोर बसून तो कसा होता आणि कसा गेला ते सांगायचं. कॅमेऱ्यामागे मी.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून जुन्या कपाटासमोर बसले. आता ऐंशीच्या जवळ आले आहेत, पण आवाज खणखणीत. बटाटा, कॅलेंडर, फुंकर, सगळं रंगवून सांगितलं. मग थांबले आणि म्हणाले, ‘‘हा लोगो आज तुम्हाला दाखवता येत नाही, तो माझ्या निष्काळजीपणामुळे. ओल्या भिंतीला कपाट लावलं. कॅसेटला बुरशी लागली. ज्याने कंपनी काढली, त्यानेच कंपनीचं पहिलं पाऊल कुजवलं.’’

मी म्हणालो, ‘‘अण्णा, फोकस जरा गेला होता. परत घेऊ.’’

फोकस गेला नव्हता. दुसऱ्यांदा त्यांनी तेच आणखी वाईट शब्दांत सांगितलं. ‘‘आईबापाने मूल जसं सांभाळायला हवं, तसं मी सांभाळलं नाही,’’ असं काहीतरी. मी म्हणालो, खाली रिक्षाचा हॉर्न आला. तिसऱ्यांदा त्यांनी मोरीही घातली. आतून काकूंचा आवाज आला, ‘‘सांगा, सगळ्या जगाला सांगा, माझ्या मोरीने तुमचा लोगो खाल्ला म्हणून!’’

गौरी हसली. मला हसता येईना. आजवर ही गोष्ट गल्लीत होती. आता ती गेली असती जगभर, अण्णांच्याच तोंडून, अण्णांच्याच नावावर. आणि अण्णा तर गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना दुसऱ्या वेळेपेक्षा जास्त वाकले होते. मी कॅमेरा बंद केला.

‘‘आता काय झालं?’’ अण्णा म्हणाले.

‘‘बुरशी नव्हती, अण्णा.’’

मग मी सांगितलं. लेबल वाचलं होतं तेही, नखाने खरवडलं होतं तेही. सांगताना मी कपाटाच्या मुठीकडे बघत होतो.

काकू कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. अण्णा खुर्चीतून उठले, कपाटाच्या बाजूने हात मागे घातला आणि भिंतीवर तळवा टेकवला.

‘‘म्हणजे कपाट कोरडं होतं?’’

‘‘कोरडं होतं.’’

‘‘तेव्हापासून?’’

‘‘पहिल्यापासून, अण्णा.’’

त्यांनी हात काढला नाही. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, डोक्यावरचा बोजा कोणी अलगद उतरवून घ्यावा तसा. ‘‘अगं,’’ ते काकूंना म्हणाले, ‘‘कपाट कोरडं होतं.’’

काकूंना मात्र कपाटाचं काही नव्हतं. ‘‘आणि माझी मोरी?’’ त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. ‘‘इतकी वर्षं मी बादल्या घेऊन तो जिना चढले. तू बघत होतास. जिन्यात बाजूला होत होतास. तुला मी पोळी वाढत होते रे!’’

‘‘काकू...’’

‘‘बुरशी कॅसेटला नव्हती, तुझ्या जिभेला होती.’’

अण्णा परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, ‘‘वर काय उतरवलंस?’’

‘‘सोनेरी लोगो.’’

‘‘त्याच कॅसेटवर?’’ आणि अण्णा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. ‘‘म्हणजे मुलामा वर आणि कागद खाली! अजून आहे तो तिथेच.’’

‘‘पुसल्यावर खाली काही उरत नाही, अण्णा.’’

‘‘तू गप्प बस. कॅसेटींचं खूप सांगितलंस तू मला.’’

गौरीलाही हसू आवरेना. काकू हसल्या नाहीत, पण आतही गेल्या नाहीत. ‘‘आधी माझा नळ चालू करून दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माफीचं मग बघू.’’

‘‘उद्या सकाळी प्लंबर घेऊन येतो.’’

‘‘प्लंबर ये-जा करेल. तू इथे उभा राहायचंस. पाणी येईपर्यंत.’’

‘‘उभा राहतो.’’

अण्णांनी डोळे पुसले आणि खुर्चीवरून उठून ती माझ्याकडे सरकवली. ‘‘गौरी, कॅमेरा तू घे. पहिला लोगो कसा होता ते मी सांगितलं. कसा गेला ते याला सांगू दे.’’

मी त्या खुर्चीत बसलो. इतकी वर्षं दुसऱ्यांना या खुर्चीत बसवलं, दिवा लावला, ‘नैसर्गिक बोला’ म्हणालो. कॅमेऱ्यासमोर ती किती उघडी जागा आहे, हे त्या दिवशी कळलं. काकू दारात उभ्याच होत्या. कणीक त्यांच्या बोटांवर सुकत चालली होती.

‘‘पहिल्या लोगोच्या कॅसेटला बुरशी लागली नव्हती,’’ मी सुरुवात केली. ‘‘अण्णांचं कपाट कोरडं होतं. काकूंच्या मोरीचा काही दोष नव्हता. ती कॅसेट मी...’’

आणि मला पुढे बोलता येईना. श्वासच संपला. मी गौरीला हाताने खूण केली, थांब, परत घेऊ.

‘‘थांबवायचं नाही,’’ अण्णा कॅमेऱ्यामागून म्हणाले. ‘‘आणि नंतर कापायचंही नाही, सांगून ठेवतो. श्वास घे.’’

मी श्वास घेतला.

‘‘ती कॅसेट मी पुसली, आणि खोटं बोललो. अण्णा, काकू, माझं चुकलं. मला माफ करा.’’